‘ल कानारिआं’च्या दोन पोथ्या : एका द्वीपविजयाच्या साधनांचें परीक्षण

(१)

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरांत जो कानारी द्वीपसमूह आहे, तो इ. स. १४०२ ते १४९६ या काळांत बेटामागून बेट असा कास्तीलच्या राजसत्तेखालीं आला. स्पेननें पुढें महासागरापलीकडे जें साम्राज्य उभारलें, त्याचा पहिला धडा याच बेटांवर गिरविला गेला. कोलंबस १४९२ सालीं पश्चिमेकडे निघाला तेव्हां त्याचा शेवटचा मुक्काम या समूहांतील ला गोमेरा बेटावर पडला होता, आणि त्या वेळीं तेनेरिफे हें सर्वांत मोठें बेट अद्याप जिंकावयाचें राहिलें होतें. अशा या विजयाच्या आरंभाचें मुख्य साधन म्हणजे ‘ल कानारिआं’ नांवाची फ्रेंच बखर. पिएर बूतिए हा मठवासी साधु आणि ज्याँ ल व्हेरिए हा पाद्री, असे दोघे मोहिमेबरोबर गेले होते व त्यांनीं ती लिहिली, असें बखर स्वतःच सांगते.

या बखरीच्या दोन पोथ्या उपलब्ध आहेत, आणि त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. एका पोथीवर विसंबून अडीचशें वर्षें इतिहास लिहिला गेला. दुसरी पुढें आल्यावर तो पुन्हां लिहावा लागला. जुनीं दफ्तरें व बाडें हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस हें प्रकरण परकें वाटूं नये. कुळाच्या अभिमानानें लिहिलेला करिना आणि समकालीन कागद यांतील अंतर मोजण्याचें काम आपणां सर्वांस नित्याचेंच आहे. तेंच काम दूरच्या बेटांविषयीं कसें झालें, त्यांत काय साधलें व काय निसटलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम वादातीत गोष्टी सांगतों. नॉर्मंडींतील ग्रांव्हील गांवचा जहागीरदार ज्याँ द बेथांकूर आणि प्वातू प्रांतांतील शूर सरदार गादिफेर द ला साल हे दोघे १ मे १४०२ रोजीं ला रोशेल बंदरांतून निघाले. उन्हाळ्यांत ते लांझारोते बेटावर उतरले. तेथील राजा ग्वादार्फीया यानें त्यांच्याशीं करार केला, आणि बेटाच्या दक्षिण टोकास त्यांनीं रुबिकोन नांवाची गढी बांधली. त्यानंतर कुमक आणण्याच्या निमित्तानें बेथांकूर स्पेनला गेला व गादिफेर मागें राहिला.

मागें राहिलेल्यांवर लवकरच संकट कोसळलें. चामड्याच्या जोड्यांसाठीं सील माशांची शिकार करण्यास गादिफेर लोबोस नांवाच्या निर्जल बेटावर गेला असतां, बेर्तां द बेर्नव्हाल या नॉर्मन सरदारानें फितुरी केली. त्यानें मैत्रीच्या मिषानें बोलाविलेल्या बेटकऱ्यांस पकडून गुलाम म्हणून विकण्यासाठीं जहाजावर चढविलें, आणि होडी बळकावल्यामुळें गादिफेर व त्याचे सोबती अन्नपाण्यावांचून तेथेंच अडकले. ग्वादार्फीयाहि पकडला गेला होता, परंतु तो निसटला. मोहिमेबरोबर इसाबेल नांवाची त्याच बेटावरची एक दुभाषी स्त्री होती. फितुरांनीं तिला समुद्रांत ढकलून दिलें, व ती पाद्र्याच्या होडींतील लोकांनीं ओढून घेतली म्हणून वांचली.

इकडे बेथांकूरनें कास्तीलचा राजा तिसरा हेन्री याचें स्वामित्व पत्करलें. १४०३ सालीं त्या राजानें बेटांचें आधिपत्य, त्यांतून बाहेर जाणाऱ्या मालाचा पंचमांश आणि नाणीं पाडण्याचा अधिकार बेथांकूरला दिला. या सनदेंत गादिफेराचा वांटा नव्हता. १४०४ च्या एप्रिलांत बेथांकूर परत आला तेव्हां गादिफेराला ही गोष्ट कळली. तंटा झाला, तो कास्तीलच्या दरबारीं गेला, आणि गादिफेर हात हालवीत फ्रान्सला परतला. १४०५ च्या आरंभीं फुएर्तेव्हेंतुराच्या दोन्ही राजांनीं बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षीं एल् हिएर्रो बेटहि बेथांकूरच्या हातीं आलें. वर्षाच्या अखेरीस माशिओ नांवाच्या आपल्या आप्ताकडे कारभार सोंपवून बेथांकूर निघून गेला.

(३)

आतां पोथ्यांकडे वळूं. सोयीसाठीं विद्वानांत रूढ असलेल्या खुणांस अनुसरून आम्ही त्यांस ‘ग’ व ‘ब’ म्हणतों. पहिली गादिफेराच्या पक्षाची, दुसरी बेथांकूरच्या.

‘ब’ पोथी सुमारें १४९० ची, म्हणजे घटनेनंतर ऐंशींहून अधिक वर्षांनीं तयार झालेली. ती विजेत्याचा पुतण्या, पांचवा ज्याँ द बेथांकूर, यानें करविली. तींत ठिकठिकाणीं रेखाचित्रें आहेत. ती घराण्यांत राहिली, आणि १६३० सालीं पिएर बेर्जरों यानें पॅरिस येथें तिच्या आधारें बखर प्रथम छापली. अठराव्या शतकांतील कानारीचा श्रेष्ठ इतिहासकार व्हिएरा इ क्लाव्हिहो यानें या छापील पुस्तकावरच भिस्त ठेविली. १८७२ सालीं लंडनच्या हॅक्लुट सोसायटीसाठीं मेजर यानें केलेलें इंग्रजी भाषांतर व १८७४ सालीं रुआं येथें ग्राव्हिए यानें काढलेली आवृत्ति, या दोन्ही प्रत्यक्ष पोथी पाहून झाल्या. परंतु पोथी तीच, ‘ब’. आज ती रुआंच्या नगरग्रंथालयांत आहे.

‘ग’ पोथी चर्मपत्रावर लिहिलेली, पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली. आरंभीं जहाजाचें एक रंगीत चित्र आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अज्ञातवासांत होती. ब्रिटिश म्यूझियमच्या एगर्टन संग्रहांत २७०९ या क्रमांकानें ती दाखल झाल्यावर पिएर मार्ग्री या फ्रेंच संशोधकाच्या दृष्टीस पडली, आणि त्याचा ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. या ग्रंथानें बेथांकूरच्या कीर्तीस मोठा धक्का दिला.

दोन्ही पोथ्या शेजारीं ठेविल्या म्हणजे ‘ब’ च्या कर्त्याची रीत स्पष्ट होते. त्यानें नवी बखर रचिली नाहीं; जुनीच घेऊन तिच्यावर हात फिरविला. ‘ग’ मध्यें दोघे सरदार बरोबरीचे भागीदार आहेत, व बेथांकूरच्या अनुपस्थितींत सारा भार वाहणारा गादिफेर आहे. ‘ब’ मध्यें बेथांकूर हा एकटा धनी होतो व गादिफेर त्याचा सोबती बनतो. ‘ग’ मधील गादिफेराच्या तक्रारी ‘ब’ मध्यें गळतात किंवा इतक्या सौम्य होतात कीं तक्रार करणाराच हट्टी वाटावा. ‘ग’ चें कथन १४०४ च्या तंट्यापाशीं थांबतें. ‘ब’ तेथून पुढें बेथांकूरच्या मृत्यूपर्यंत जाते.

पुतण्याचा यांत हेतु काय असावा? माशिओनें १४१८ सालीं बेटांवरील हक्क निएब्लाच्या काउंटास दिले, आणि १४४८ सालीं लांझारोतेचा हक्क पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री यास दिला. म्हणजे १४९० च्या सुमारास नॉर्मंडींतील या घराण्याजवळ बेटांपैकीं कांहींएक उरलें नव्हतें. उरली होती ती कीर्ति. मिळकत गेलेलीं घराणीं कागदावरची कीर्ति अधिक जपतात, हा आमच्या दफ्तरांतलाहि अनुभव आहे. ‘ब’ पोथी हा अशा कीर्तीचा करिना होय, असें आमचें मत आहे.

(४)

परंतु पक्षपात दाखविला म्हणजे परीक्षण संपलें असें नव्हे. ‘ब’ मधील वाढीव भागाला दुसरा साक्षीदार नाहीं, मग तो तपासावा कसा? येथें बाहेरचे कागद उपयोगीं पडतात.

‘ब’ सांगते कीं, बेटें सोडल्यावर बेथांकूर स्पेनमार्गें रोमला गेला, तेथें पोपची भेट घेतली, आणि आल्बेर्तो दे लास कासास नांवाचा बिशप बेटांसाठीं नेमवून घेतला. प्रसंग मोठ्या थाटानें वर्णिला आहे. पण त्या काळीं ख्रिस्ती जगांत दोन पोप होते, एक रोमचा व एक आव्हिन्योंच्या परंपरेचा. कास्तीलनें १४०३ पासून दुसऱ्याची, म्हणजे तेराव्या बेनेडिक्टची, सत्ता पुन्हां मानली होती. आणि रुबिकोनच्या बिशपपीठाची स्थापना याच बेनेडिक्टच्या जुलै १४०४ च्या आज्ञापत्रानें झाली. तेथील पहिला बिशप सानलुकारचा फ्रायर आल्फोन्सो होता. कास्तीलच्या राजाचा मांडलिक बिशप मागण्यासाठीं प्रतिपक्षाच्या पोपकडे कां जाईल, आणि बिशपपीठ दीड वर्षापूर्वींच स्थापन झालें असतां तें पुन्हां कां मागेल, या प्रश्नांस ‘ब’ मध्यें उत्तर नाहीं. पुतण्याच्या काळीं रोमचा पोप एकच होता. आपल्या काळची स्थिति त्यानें चुलत्याच्या काळावर लादली, हेंच उघड दिसतें.

दुसरें बाहेरचें साधन याहून मोलाचें आहे. १४७५–७६ च्या सुमारास लांझारोतेच्या रहिवाशांनीं आपल्या धन्याविरुद्ध बंड केलें, तेव्हां बेटाचा खरा मालक कोण याची चौकशी करण्याचा हुकूम कास्तीलच्या राणी-राजांनीं दिला. एस्तेबान पेरेस दे काबितोस यानें ती चौकशी केली, सनदांच्या नकला उतरविल्या, साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. तिचा ग्रंथ आज एस्कोरिअलच्या ग्रंथालयांत आहे. आमच्या वाचकांस हा प्रकार महजराच्या जवळचा वाटेल. आणि महजराप्रमाणेंच त्यांत प्रत्येक साक्षीदार आपला हक्क सांभाळून बोलतो. तरीहि बखरकारानें एकान्तांत बसून लिहिलेल्या मजकुराहून प्रतिपक्षासमोर दिलेल्या जबानीचें वजन निराळें असतें. या चौकशीनंतरच १४७७ सालीं ग्रान कानारिया, ला पाल्मा व तेनेरिफे या तीन न जिंकलेल्या बेटांचा हक्क राजसत्तेनें भरपाई देऊन स्वतःकडे घेतला, आणि १४७८ ते १४९६ या काळांत तीं तिन्ही जिंकलीं.

(५)

येथवर आम्ही मार्ग्रीच्या बाजूनें बोललों. आतां त्याच्याशीं आमचा मतभेद सांगणें प्राप्त आहे. मार्ग्रीनें आपल्या ग्रंथाच्या शीर्षकांतच ‘ग’ ही खरी पोथी असें जाहीर केलें. जुनी पोथी सांपडल्याचा आनंद आम्ही जाणतों. पण जुनी म्हणजे खरी, हें समीकरण संशोधकास शोभत नाहीं. ‘ग’ हा मूळ खर्डा नव्हे. ती एखाद्या थोराच्या हातीं देण्याजोगी सजवून लिहिलेली शुद्ध प्रत आहे, आणि तिचा शेवट गादिफेराच्या गाऱ्हाण्यानें होतो. तंट्यांत हरलेल्या पक्षकाराची ती कैफियत आहे. ‘ब’ पोथी विजेत्याच्या पुतण्याची, तर ‘ग’ पोथी नाडलेल्या भागीदाराची. न्यायाधीशाची एकहि नव्हे. एलियास सेर्रा राफोल्स व आलेहांद्रो चोरानेस्कू यांनीं १९५९ ते १९६५ या वर्षांत ला लागुना येथून तीन खंडांत दोन्ही पाठ स्वतंत्रपणें छापले, आणि दोहोंच्या मागें एक हरवलेलें मूळ मानून विचार केला. ही पद्धति आम्हांस निर्दोष वाटते. दोन पाठ कालवून तिसरा ‘उत्तम पाठ’ बनविण्याचा मोह त्यांनीं टाळला, हें विशेष होय. कारण येथें पाठभेद हाच इतिहास आहे.

‘ग’ वाचूनहि गादिफेर वीरपुरुष ठरतो असें आम्हांस वाटत नाहीं. बेर्तांच्या फितुरीनंतर बेटकरी बिथरले, त्यांनीं कांहीं फ्रेंचांस मारलें. त्यावर गादिफेराच्या लोकांनीं जो बेत केला तो बखर निःसंकोचपणें लिहून ठेवते : दुसरा उपाय न सुचल्यास लढण्याजोगे सर्व पुरुष मारावे, व बायका-मुलें ठेवून घेऊन त्यांस बाप्तिस्मा द्यावा. या ठिकाणीं दोन्ही पोथ्यांत तंटा नाहीं. दोन धनी आपसांत कशावरून भांडले हें पोथ्या वेगवेगळें सांगतात. बेटकऱ्यांचें काय करावें याविषयीं त्या एकमतानें बोलतात.

(६)

यावरून आम्ही या परीक्षणाच्या मुख्य मुद्द्यावर येतों. अडीचशें वर्षें विद्वानांनीं ‘ब’ वाचली व बेथांकूरला मोठें केलें. पुढें ‘ग’ वाचली व गादिफेराला न्याय दिला. प्रश्न सदैव एकच विचारला गेला : बेटें कोणीं जिंकलीं? ज्यांचीं तीं होतीं त्यांचें काय झालें, हा प्रश्न या पोथ्यांस विचारण्यास फार उशीर झाला. वस्तुतः उत्तर दोन्हींत आहे.

लांझारोतेवर पूर्वीं पुष्कळ वस्ती होती, पण चांच्यांनीं वारंवार माणसें धरून नेल्यामुळें आपण आलों तेव्हां सुमारें तीनशें उरलीं होतीं, असें बखर म्हणते. ही अतिशयोक्ति मानण्याचें कारण नाहीं. १३९३ च्या एकाच स्वारींत तेथील राजा-राणी व एकशें साठ माणसें पकडून नेल्याचें कास्तीलच्या राजबखरींत नमूद आहे. अशा वांचलेल्या तीनशांच्या राजानें फ्रेंचांशीं जो करार केला, तो मित्र म्हणून, प्रजा म्हणून नव्हे, असें बखरकार स्पष्ट लिहितात. आणि त्यांच्या रक्षणाचें वचन दिलें गेलें पण तें पाळलें गेलें नाहीं, हेंहि ते लपवीत नाहींत. ग्वादार्फीयानें १४०४ मध्यें बाप्तिस्मा घेऊन लुई हें नांव धारण केलें तेव्हां हा मित्र प्रजेंत जमा झाला.

एल् हिएर्रोची गोष्ट याहून बोलकी आहे, व ती केवळ ‘ब’ मध्यें मिळते. बेथांकूरजवळ त्या बेटाच्या राजाचा भाऊ दुभाषी म्हणून होता. त्याच्याकरवीं राजास विश्वास देऊन बोलाविलें. राजा एकशें अकरा माणसांसह आला. त्या सर्वांस धरलें. राजा धरून एकतीस जण बेथांकूरनें स्वतःच्या वांट्यास ठेविले. बाकीचे लुटींत वांटले गेले, व कांहीं गुलाम म्हणून विकले गेले. पोथी दोन सबबी सांगते : सोबत्यांचें समाधान करावयाचें होतें, आणि नॉर्मंडीहून आणलेल्या कुटुंबांस तेथें वसवावयाचें होतें.

रोमच्या भेटीवर आम्ही विश्वास ठेवीत नाहीं आणि या प्रसंगावर ठेवितों. असें कां, हें कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. रोमची भेट घराण्याची शोभा वाढविते, व समकालीन कागद तिच्या विरुद्ध जातात. हिएर्रोचा प्रसंग घराण्यास काळिमा लावतो. तो रचण्यांत पुतण्यास लाभ नव्हता. बेर्तांनें जें केलें म्हणून बखर त्यास विश्वासघातकी म्हणते, तेंच येथें तिच्या नायकानें केलें आहे, आणि फरक दाखविण्यासाठीं तिला सबबी शोधाव्या लागल्या. सबब शोधावी लागते ती घडलेल्या गोष्टीची. पक्षपाती साधन स्वतःच्या पक्षाविरुद्ध बोलतें तेव्हां त्याचा शब्द अधिक जपून ठेवावा, हा नियम येथें पूर्णपणें लागू पडतो. ‘ब’ खोटी ठरली म्हणून ती जर कोणी बाजूस टाकील, तर या एकशें बारा माणसांची एकमेव नोंद तो टाकील.

त्यांची स्वतःची पोथी नाहीं. हे लोक आफ्रिकेंतील बर्बरांच्या कुळांतले; ग्वांचे हें नांव सर्व बेटकऱ्यांस सरसकट लावतात, पण तें खरें पाहतां तेनेरिफेच्या रहिवाशांचें आहे. खडकांवर त्यांनीं कोरलेलीं अक्षरें आढळतात, परंतु बखर म्हणावी असें कांहीं त्यांच्या भाषेंत उरलें नाहीं, आणि ती भाषाहि पुढें नामशेष झाली. म्हणून जिंकणाऱ्यांच्या कागदांतूनच त्यांचा शोध घेणें भाग आहे. दुभाषी इसाबेल दोन ओळींपुरती येते. ती कोणाच्या घरची, तिला कोणीं पकडून नेलें होतें, समुद्रांतून वांचल्यावर तिचें काय झालें, याचा वृत्तान्त नाहीं. तरी त्या दोन ओळी आहेत, एवढें साधन म्हणून थोडें नव्हे.

(७)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ‘ब’ पोथी घराण्याच्या अभिमानानें जपली गेली, म्हणून ती उरली; तोच अभिमान तिच्या मजकुरांतहि शिरला. ज्या हातांनीं पोथी राखली त्यांनींच ती बिघडविली, ही गोष्ट संग्रह करणाऱ्यानें विसरूं नये. पोथी मिळाली कीं प्रथम ती कोणाच्या घरांतून आली, कोणासाठीं उतरविली, व त्या घराचें तिच्यांत काय गुंतलेलें होतें, हें टिपून ठेवावें. ‘उत्तरकालीन नक्कल’ असा शेरा मारून एखादें बाड रुमालांतून काढून टाकूं नये. दुसरी प्रत पुढें केव्हां तरी निघते. लंडनची पोथी चारशें ऐंशीं वर्षांनीं पुढें आली. तेव्हां ताडून पाहण्यास पहिली हातीं असली पाहिजे.

आणि ताडून पाहतांना केवळ दोन धन्यांच्या वादाचा निकाल लावून थांबूं नये. ‘ग’ व ‘ब’ यांत जेथें भेद आहे तेथें विद्वानांनीं खूप श्रम केले. जेथें दोघींचें एकमत आहे, तेथें अधिक श्रम व्हावयास पाहिजे होते. वचन दिलें आणि पाळलें नाहीं, हें वाक्य दोन्ही पक्षांच्या लेखणींतून आलेलें आहे. या विजयाच्या इतिहासांत निर्विवाद म्हणतां येईल असें जें थोडेंबहुत आहे, त्यांत आम्ही त्यास पहिलें स्थान देतों.